मधमाश्यांना सांगायला कोण गेलं होतं?

मिस ड्रुसिला पॅजेटला आमच्या गावात कुणी घाबरत नसे. तीच सगळ्यांना घाबरायची. पाववाल्याने शिळा पाव दिला तरी त्यालाच "आभारी आहे हं" म्हणणारी बाई! चाळिशी उलटली होती, लग्न झालं नव्हतं. थोरल्या बहिणीच्या, मिसेस ऑगस्टा रॅगच्या घरात राहायची आणि ती म्हणेल त्याला "हो, ऑगस्टा" म्हणायची. चैन म्हणाल तर एकच. साप्ताहिकात क्रमशः येणाऱ्या चोरी-खुनाच्या गोष्टी ती अधाशासारखी वाचायची.

ऑगस्टाचे यजमान गेले. पुढच्या रविवारी चर्चला निघताना तिला कळलं की आपला ब्रोच जागेवर नाही. काळ्याभोर दगडाचा, सुतकात पोशाखाला टाचायला म्हणून आईने दिलेला. ऑगस्टाने घर डोक्यावर घेतलं आणि आळ घेतला कझायावर. घरात मोलकरीण तेवढीच एक.

"शनिवारच्या गाडीने चालती हो! आणि चांगल्या वागणुकीची चिठ्ठी माझ्याकडून मिळणार नाही, सांगून ठेवते."

चिठ्ठी नाही म्हणजे पुढे कुठल्याच घरात काम नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. कझाया रडली नाही, भांडली नाही. "मी नाही घेतला, बाईसाहेब," एवढंच म्हणाली आणि भांडी घासायला गेली. आजारपणात याच पोरीने ड्रुसिलाला चमच्या-चमच्याने पेज भरवली होती.

मग ड्रुसिलाबाईंनी तपास हाती घेतला. आणि काय तो तपास, देवा! खिडकीखाली पाऊलखुणा सापडल्या म्हणून हरखली, तर त्या तिच्याच बुटांच्या. धाकट्या पाद्र्याला गाठून विचारलं, "अंत्यविधीच्या दिवशी दुपारी आपण कुठे होतात?" तो बिचारा तिच्याच शेजारी बसून केक खात होता! पाववाला तर दारातूनच ओरडला, "काय मिस ड्रुसी, बेड्या आणल्यात का?" सगळं गाव हसलं. पण या निमित्ताने तिने आयुष्यात पहिल्यांदा लोकांच्या डोळ्याला डोळा भिडवला, आणि कुणी तिला खाल्लं नाही.

शनिवार उजाडला. गोष्टीतला हेर घरातल्या प्रत्येकाला प्रश्न विचारतो. तिनेही सगळ्यांना विचारले होते. एकीला सोडून.

ऑगस्टा पडदे ओढून, सुतकाचे काळे हातमोजे घालून दिवाणखान्यात ताठ बसली होती. नवरा गेल्यापासून तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं.

"ऑगस्टा, मिस्टर रॅग गेले त्या सकाळी तू काय काय केलंस?"

"तुला काय करायचंय?"

"सांग ना." ड्रुसिला जागची हलली नाही.

"त्यांचे डोळे मिटले. रीतीप्रमाणे घड्याळ थांबवलं. मधमाश्यांना सांगायला गेले. दुसरं कोण जाणार होतं? तुला तर एक माशी दिसली तरी घाम फुटतो!"

आमच्याकडे मालक गेला की घराच्या किल्लीने मधमाश्या पाळलेल्या टोपलीवर टकटक करायची, त्यांना बातमी सांगायची आणि टोपलीला काळं फडकं लावायचं. नाही सांगितलं तर त्या रुसून निघून जातात.

"फडकं कशाने टाचलंस?"

"टाचणीने. आणखी कशाने?"

"टाचणी कुठून आणलीस?"

ऑगस्टाचा हात आपोआप गळ्याशी, ब्रोच टाचायच्या जागी गेला.

दोघी बागेत गेल्या. ड्रुसिला पुढे, घामाघूम, कानाशी गुणगुण. टोपल्या बघणारे मिस्टर रॅगच गेल्यामुळे तिकडे कुणी फिरकलं नव्हतं. काळ्या फडक्यावर काळा ब्रोच. हात लावेपर्यंत दिसेना.

"मला तेव्हा काही दिसतच नव्हतं गं, ड्रुसी," ऑगस्टा म्हणाली आणि ढसाढसा रडली. ड्रुसिलाने तिला जवळ घेतलं. केवढी मोठी वाटायची ही बाई, आणि मिठीत घेतली तर मूठभर!

थोड्या वेळाने नाक पुसून ऑगस्टा पुन्हा पहिल्यासारखी झाली. "कपाटाच्या खणामागे पडला होता म्हणून सांगू. कझायाला राहू दे. विषय संपला."

"हो, ऑगस्टा" अगदी ओठांवर आलं होतं.

"नाही," ड्रुसिला म्हणाली. "तू तिला चोर म्हणालीस. खरं काय ते तूच तिला सांगायचं. मी येते सोबत."

स्वयंपाकघरात कझाया टोपी घालून, दोरीने बांधलेल्या पेटीवर बसून गाडीची वाट बघत होती. बाईंना बघून उठली.

"कझाया," ऑगस्टा म्हणाली. "ब्रोच मीच लावला होता तिथे... टोपलीला. चूक माझी. तुझी नाही."

कझाया पेटीजवळ खाली बसली. इतके दिवस न रडलेली पोरगी आता हमसून हमसून रडू लागली आणि रडत रडतच पेटीची दोरी सोडायला लागली. गाठ काही केल्या सुटेना. तेव्हा सगळं गाव जिला बघून रस्ता बदलतं ती ऑगस्टा रॅग फरशीवर गुडघे टेकून बसली आणि त्या गाठीशी झटू लागली.

"आधी हातमोजे काढ, ऑगस्टा," ड्रुसिला म्हणाली.

"हो, ड्रुसी," ऑगस्टा म्हणाली आणि तिने हातमोजे काढले.