पिंजऱ्यातला एसी

माराकाइबो या उष्ण शहराच्या बाजारात डोन्या एडिक्ताने, म्हणजे एडिक्ताबाईंनी, आयुष्यभर चीज विकले. कागदात बांधून दिलेले चीज गिऱ्हाईक पुन्हा उलगडून पाहायचे आणि तिला त्याचा राग येत नसे. मालवाल्याकडून घेताना तीही तेच करायची. म्हातारपणी दुकान सुटले, पण तबकडीवर काटा फिरणारा तराजू घरी आला आणि ती नजरही.

गल्लीतून एसीची बाहेरची यंत्रे चोरीला जाऊ लागली, तेव्हा तिने लोहाराकडून आपल्या यंत्राभोवती लोखंडी पिंजरा करवून घेतला. यंत्र आणि सळया यांच्यात हात शिरेल एवढीही फट नको, असे त्याला दोनदा बजावले. गॅस भरायच्या तोटीपाशी तेवढे एक लहान दार ठेवले. मोठ्या कुलुपाची किल्ली गळ्यात, देवीच्या पदकाशेजारी.

पुढे खोली गार होईनाशी झाली. आत तिचा नवरा एबेर्तो झोपून असे. त्याचे हृदय अधू, उकाडा वाढला की धाप लागे. नेरिओ मिस्त्री यायचा, लहान दारातून नळी लावून गॅस भरायचा, खोली गार व्हायची, आणि थोड्या दिवसांनी पुन्हा तेच.

नेरिओचा सिलिंडर रिकामाच असणार, असे एडिक्ताला आधी वाटले. यंत्रात गॅस भरण्याआधी आणि नंतर तिने तो आपल्या तराजूवर ठेवला. गॅस यंत्रात गेला होता, अगदी मापात. मग संशय दुसरीकडे वळला. जुन्या यंत्रांचा हा गॅस हल्ली सहज मिळत नाही. नेरिओच मागाहून येऊन काढून नेत नसेल कशावरून? तो बिचारा दर वेळी सांगायचा, हा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, कुठेतरी गळतोय, पिंजरा उघडा. ती मनात म्हणायची, आला मुद्द्यावर.

या खेपेला त्याने सिलिंडर खालीच ठेवला.

"डोन्या, आता नाही भरत. चाळणीत पाणी ओतायला मी काय वेडा आहे?"

"आणि यंत्र उचलून न्यायला शहाणा आहेस, होय ना?"

"हे धूड? माझी कंबर कशी आहे ते एबेर्तोकाकांना विचारा."

आतून धापेने तुटलेला आवाज आला, "उघड गं एडिक्ता. चोरलं तर चोरलं. तसंही उकडतंच आहे."

तिने गळ्यातली किल्ली काढली. नेरिओच्या बाटलीतले गळती शोधायचे साबणपाणी मात्र तिला चालेना. स्वतःच्या वाडग्यात तिने फेस केला आणि स्वतःच नळ्यांच्या जोडांवर लावला. काही नाही. ती विजयाने वळणार, तोच नेरिओने मागच्या बाजूला बोट दाखवले. तिथे पिंजऱ्याची एक सळई तांब्याच्या नळीला टेकली होती आणि भोवती तेलकट काळा डाग होता. एडिक्ताने तिथे फेस लावला. बुडबुडा फुगला, फुटला, पुन्हा फुगला. यंत्र जसजसे थरथरत होते तसतशी सळई नळी घासत राहिली होती.

"त्या मेल्या लोहाराने..." ती म्हणाली, आणि थांबली.

नेरिओ पिशवीतून हत्यारे काढू लागला. त्यातही काही डाव आहे का, हे तिने क्षणभर निरखून पाहिले. नव्हता.

त्याने सळई वाकवली, भोक बुजवले, मध्ये रबर गुंडाळले. गॅस भरायच्या आधी आपणहून म्हणाला, "तराजू आणा, डोन्या. त्याशिवाय आता मलाच चैन पडत नाही."

गॅस भरून झाला. सिलिंडर पुन्हा तराजूवर चढला. काटा स्थिरावला तेव्हा तिने तराजू त्याच्याकडे फिरवला.

"तूच वाच."

त्याने वाचले. तिने मान डोलावली आणि कॉफी टाकायला आत जाता जाता, केवळ सवयीने, काट्यावर एक नजर टाकली. बरोबर होते.

थोड्या वेळाने आतून एबेर्तोने पांघरूण मागितले.