पुस्तकाबाहेरचा एक शब्द

नाव : लालसिंग वल्द मोहनसिंग. जात : रजपूत. हुद्दा : पोलीस शिपाई. छाती : न फुगवता पुरेशी, फुगवून समाधानकारक. ओळखीची खूण : उजव्या कानामागे तीळ. वर्तन : चांगले. व्यसन : तंबाखू, ड्यूटी सोडून. मराठी छापील मजकूर वाचता येतो काय : होय.

बाकी सगळं ठीक होतं. त्या शेवटच्या ‘होय’नं घात केला.

वाशीमचा जिल्हा मोडून सरकारने तो अकोल्याला जोडून टाकला, त्याला आठ-दहा वर्षं झाली असतील. कचेरी लांब गेली की हुकूम वाढतात. त्यांतलाच एक हुकूम रिसोडच्या अलीकडे, धामणदरीच्या चौकीत येऊन पडला. नाटक मंडळ्यांनी छापील नाटकच करावं, त्याची एक प्रत कचेरीतून शिक्का मारून आणावी, आणि प्रयोगाच्या वेळी वाचता येणाऱ्या शिपायाने ती प्रत उघडून समोर बसावं. पुस्तकाबाहेरचा एक जरी शब्द तोंडातून निघाला, तर रिपोर्ट. रिपोर्ट गेला की मंडळीची परवानगी रद्द. सरकारला भीती अशी की, रावण म्हणून उभा राहिलेला माणूस मधेच साहेबाविषयी बोलू लागेल. भीती अगदीच निराधार नव्हती. धामणदरीच्या रावणाला एरवी बोलायला मिळत होतं कुठे?

चौकीत वाचता येणारे दोघे होते. एक लालसिंग, दुसरा धरमसिंग. पण धरमसिंगने ही विद्या सरकारपासून लपवून ठेवली होती. फौजदाराने कागद पुढे केला तेव्हा त्याने तो उलटा धरला, बराच वेळ पाहिला आणि “अक्षर मोठं सुंदर हाये साहेब,” म्हणून परत दिला. लालसिंगने मात्र घडाघडा वाचून दाखवला. त्याला वाटलं, शाबासकी मिळेल. मिळालीही. शिवाय खुर्ची मिळाली.

त्याचं घर कारंज्याला. पेठेच्या मागच्या गल्लीत दोन भाड्याच्या खोल्या. त्यांत त्याची बायको तुळसाबाई आणि म्हातारी आई कस्तुराबाई. आईला दिसत नसे. पण गल्ली तिच्या पायांना पाठ होती. धामणदरीला चल म्हटलं की म्हणायची, “तिथं मी खरीच आंधळी होईन.” सासूला टाकून सुनेला येता येईना. म्हणून लालसिंगला कारंज्याला बदली हवी होती. नोकरीत त्याने दुसरं काही मागितलं नाही. अर्ज दरसाल जाई. फौजदार बदलत गेले, उत्तर तेच राहिलं : “वाचणारा दुसरा शिपाई दाखव, अन् जाय.” लालसिंगने धरमसिंगचं नाव घेतलं नाही. त्यालाही घर होतं.

रजा मिळे ती आषाढ-श्रावणात, कारण तेव्हा नाटकं बंद. तेव्हा नाटकं का बंद, तर रस्ते बंद. काळ्या मातीत गाडीचं चाक एकदा बसलं की दसऱ्याशिवाय उठत नसे. एकंदरीत सरकारने त्याला रजा कधीच नाकारली नाही.

पहिलं नाटक रामनवमीला झालं. पौराणिक होतं. दैत्य झाला होता रामकिसन, घाण्यावर तेल काढणारा, आवाज मोठा आणि डोकं मोकळं. ऐन युद्धाच्या आव्हानात तो अडला, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाला, “आता तुले काय सांगू लेका!”

लालसिंग पुस्तकात बोट घालून उभा राहिला. “थांबा. हे पुस्तकात नाही.”

आता रीतीने पंचनामा करायचा. पंच गोळा करायचे, देव-दैत्यांच्या एकेक करून जबान्या घ्यायच्या, आणि सगळं तीन प्रतींत उतरवायचं. लालसिंगला दुसऱ्या दिवशी दोन दिवसांची सुट्टी घेऊन कारंज्याला जायचं होतं. त्याने क्षणभर विचार केला आणि खालूनच ओरडला, “‘हे अधमा, तुझा काळ जवळ आला’ म्हण!”

रामकिसनने म्हटलं. नाटक पुढे गेलं. फौजदाराला हे कळलं तेव्हा त्यालाही तीन प्रती वाचायच्या नव्हत्या. त्याने शेरा मारला : ‘चूक जागच्या जागी दुरुस्त झाल्यास ती झालीच नाही असे समजावे.’ लालसिंग सुट्टीवर गेला. आपण दार उघडलं असं त्याला वाटलं. वास्तविक त्याने कडी आतून लावून घेतली होती.

कारण नंतर मंडळीने आपला पडद्यामागचा सांगणारा काढून टाकला. त्याचा घसा बसलेला असे, हवालदाराचा खणखणीत. (लालसिंग हवालदार नव्हता, पण समोर बसून सगळ्यांना बोलायला लावणाऱ्याला गाव शिपाई म्हणत नाही.) हळूहळू नटांनी पाठ करणंच सोडलं. “पाठ कायले करता जी? हवालदार हाये ना.” मंडळी रिसोडला गेली, मालेगावला गेली, तिथेही खुर्ची, कंदील आणि लालसिंग बरोबर. प्रेक्षकांना वाटे, हा नाटकाचाच एक प्रकार. आधी खालून वाक्य यायचं, मग वरून. ऐकू न येणाऱ्या म्हाताऱ्यांची त्याने सोय झाली.

त्या खुर्चीवरून लालसिंगने मराठी रंगभूमीच्या चार पिढ्या वाचल्या. आधीच्या पुस्तकांत देव होते आणि ते पानपानभर बोलत. मग गाण्यांची पुस्तकं आली. माणूस मरताना दोन पदं म्हणे, आणि ‘वन्स मोअर’ आला तर पुन्हा मरे. दुसऱ्या मरणाला शिक्का आहे की नाही, यावर लालसिंगने कचेरीला विचारलं होतं. उत्तर आलं नाही. त्यानंतर ऐतिहासिक आली, तेव्हा कचेरीने पानांवर इतके शिक्के मारले की खालचं वाक्य वाचता येईना. पुढे बॅरिस्टर आले, चहाचे पेले आले, शिकलेल्या मुली आल्या. शिकलेली मुलगी व्हायला गावात मिशी काढायला तयार असलेला एकच जण होता. नाटकं बदलली, तुरुंग मात्र प्रत्येकात होता. कोणाला कोंडल्याशिवाय आमच्या नाटककारांचा तिसरा अंक संपत नाही.

आणि एवढ्या वर्षांत पुस्तकाबाहेरचा एक शब्द धामणदरीत उमटला नाही. उमटला असता तर परवानगी गेली असती, नाटक थांबलं असतं, वाचणाऱ्याची गरज संपली असती आणि लालसिंग कारंज्याला गेला असता. त्याला हे कळत होतं. पण खोटा रिपोर्ट लिहायला कल्पनाशक्ती लागते, आणि ती त्याने बाळगू नये म्हणूनच त्याला तिथे बसवलं होतं.

एका माघात तालमीच्या वेळी कापसाच्या गाडीवरून कारंज्याचा निरोप आला. गाडीवानाने तो सगळ्यांदेखत जसाच्या तसा सांगितला.

“तुमच्या घरवालीनं सांगतलं, म्हातारी पडून हाये. पायात जोर नाई राह्यला. रोज सकाळी इचारते, लालसिंग आला काय. अन् तुळसाबाई म्हनते, मी रोज ‘उद्या येईल’ म्हनते. आता मलेच लाज वाटते, म्हने.”

लालसिंगने पान उलटलं. “पुढचं वाक्य घ्या,” तो म्हणाला.

कोणी घेतलं नाही. नायक होता इंद्रभान, गावाजवळच्या मळ्यात वांगी-मेथी काढून रिसोडच्या बाजारात नेणारा. त्या वर्षी तो तुरुंगात पडलेला सरदार होता. तो हातातल्या दोरखंडाच्या बेड्यांसकट खाली उतरून आला.

“हवालदार, एक गोष्ट इचारू? पुस्तकाबाहेरचा शब्द म्हंजे कोनता बी?”

“कोनता बी.”

“सरकारच्या इरुद्धच पाह्यजे असं नाई?”

“असं नाई.”

“मंग मी वांग्याचा भाव बोलतो.”

रामकिसन ओरडला, “अबे, मंडळी बुडन ना!”

“बुडू दे. इतके वर्सं पाठ न करता नाटक केलं आपन. ह्या मानसाच्या घशावर. त्याची माय तिकडं पडून हाये अन् तू मंडळीचं सांगून राह्यला!” मग लालसिंगकडे वळून, “तिसऱ्या अंकात बोलतो. चालन का जी?”

“मले काहून विचारतं? मी सरकारी मानूस हाये.” एवढं बोलून लालसिंग तंबाखू मळायला बाहेर गेला. ड्यूटीवर असताना तो पहिल्यांदाच बाहेर गेला होता, एवढी नोंद मंडळीने तोंडी घेतली.

रामनवमी आली. पटांगणात बैलगाड्या लागल्या. गावाला सगळं ठाऊक होतं. बायकांनीही जागा पुढच्या धरल्या होत्या. फौजदार शेजारच्या खुर्चीत. लालसिंगने पेन्सिल तासून ठेवली होती. दोन अंक रोजच्यासारखे झाले, खालून वर.

तिसरा अंक. अंधारकोठडी. इंद्रभान बेड्या वाजवत पुढे आला, छाती भरून घेतली आणि स्पष्ट, मोठ्याने म्हणाला :

“हे पहारेकऱ्या! यंदा वांग्याले भाव नाई!”

आणि कोणी काही समजायच्या आत लालसिंगचा खणखणीत आवाज घुमला :

“‘हे पहारेकऱ्या, या भिंतींना कान असतील, पण काळीज नाही!’”

“हे पहारेकऱ्या,” इंद्रभान म्हणाला, “या भिंतींना कान असतील, पण काळीज नाही.”

टाळ्या पडल्या. इंद्रभान तोंड उघडं टाकून खाली पाहत राहिला. सतरा वर्षं खालून आलेलं वाक्य त्याने वर म्हटलं होतं; त्याचंही तोंड त्याला विचारून चालत नव्हतं. पुढच्या पानावर त्याने पुन्हा जोर केला, मेथीचं काढलं. पुन्हा खालून वाक्य आलं. पुन्हा त्याने म्हटलं.

पडदा पडल्यावर तो धावत आला. “हवालदार, काहून बोलले तुमी? जरा तोंड बंद ठेवता येत नव्हतं?”

“तोंडानं मले विचारलंच नाही रे,” लालसिंग म्हणाला.

तरीही त्याने फौजदाराकडे जाऊन सांगितलं की, साहेब, वांगी पुस्तकात नाहीत, मेथीही नाही. फौजदार हसून हसून खुर्चीत हलला. “दुरुस्त झालं ना जागच्या जागी? मग झालंच नाही.” आणि त्याने लालसिंगच्या सेवापत्रकात ‘अत्यंत दक्ष’ असं लिहिलं.

कारंज्याला ही हकीगत पोचली तेव्हा तुळसाबाई आधी हसली, मग तिने ती सासूला सांगितली. म्हातारी म्हणाली, “तो सरकारचा झाला. आता तो येत नाई. मलेच ने.” वैशाखात तुळसाबाईने भाड्याच्या खोल्या सोडल्या, भांडी पोत्यात भरली आणि सासूला गादीसकट गाडीत घालून धामणदरीला आणलं. उतरवताना म्हातारीने लालसिंगचं तोंड दोन्ही हातांनी चाचपलं. “मिशी पिकली काय रे?” तिने विचारलं. “पिकली, माय.” “दिसत नाई म्हून बरं हाये,” ती म्हणाली. आणि सुनेला बजावलं, “आता मले इथून हलवाचं ते तिरडीवरच. गाडीनं माह्या हाडाचा भुगा केला.”

ज्येष्ठात धरमसिंग सापडला. तबेल्यामागे वर्तमानपत्र वाचत होता, तेही हसून. फौजदाराने त्याला पुढचं पान वाचून दाखवायला सांगितलं. तो हसण्यात इतका गुंतला होता की त्याने वाचून दाखवलं. त्याच दिवशी लालसिंगच्या सगळ्या जुन्या अर्जांवर शिफारस होऊन ते वर गेले. लालसिंगने फौजदाराला सांगितलं की आई आता इथेच आहे. फौजदार म्हणाला, अर्ज मागे घ्यायचा तर तसा अर्ज कर. त्याने केला. पहिले अर्ज पुढे होते.

हुकूम आला तो असा : ‘शिपाई लालसिंग वल्द मोहनसिंग याची दीर्घ व दक्ष सेवा, तसेच कारंजा येथे असलेल्या त्याच्या अंध व वृद्ध मातेची शुश्रूषा या दोन्ही गोष्टी ध्यानात घेऊन, खास बाब म्हणून, त्याची कारंजा येथे बदली मंजूर करण्यात येत आहे. छापील मजकूर वाचता येत असल्याने तेथील दोन्ही नाटक मंडळ्यांचे काम त्याजकडे द्यावे. हजर होण्यास कसूर करू नये.’

लालसिंग हजर झाला. कारंज्यात त्याचं आता कोणी राहत नव्हतं.