उतरलेला गंधार

चिमूरहून जंगलाच्या अंगाला गेलं की मुखरूचं गाव लागायचं. गावाच्या भजनाला एक जुनी पेटी होती आणि ती वाजवायचे बापूजी. बापूजींना पांढऱ्या पहिल्या पट्टीखेरीज दुसरा सा ठाऊकच नव्हता. कोणाचा गळा फाटो की सूर घशात अडको, सा तिथंच. कित्येक पावसाळे ओल खाऊन त्या पेटीचा गंधार, म्हणजे सा-रे-ग मधला ग, खाली उतरला होता. एकदम उतरला असता तर कोणीतरी कान टवकारले असते. तो चोरपावलांनी उतरला आणि गावाचे गळे इमानेइतबारे त्याच्या मागोमाग गेले. अख्खं गाव एकमतानं चुकत होतं, मग चूक सांगणार कोण?

मुखरू गाणं शिकला ते त्याच्या मायजवळ, सोनीबाईजवळ. ती धानाची रोवणी करताना म्हणायची आणि हा उचलायचा. आवाज असा की बांधावरून जाणारा माणूस थांबून ऐके. म्हणूनच त्रेपन्न साली शेजारगावच्या नानाजींनी त्याला आपल्या नाटकात राजाचं काम दिलं. दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे गावच्या जत्रेत, नाटक व्हायचं होतं. नांगर सोडून रंगमंचावर उभं राहायचं, ही एकच हौस मुखरूनं उभ्या जन्मात बाळगली होती. तो हरखून गेला.

पहिल्याच तालमीत पेटीमास्तर गुणवंतरावांनी हात उचलला.

"थांब मुखरू. तुहा गंधार खाली जाऊन राह्यला."

"नाई मास्तर, तुमचीच पेटी वर चढून राह्यली!"

मंडळी पोट धरून हसली. मुखरूला मात्र ती पेटी खरोखरच किंचाळल्यासारखी वाटत होती. नानाजींनी सरळ बजावलं, "मंडईपर्यंत सूर लागला तर ठीक, नाई तं काम नथ्थूले देतो."

गुणवंतराव तेवढे हसले नव्हते. त्यांनी मुखरूला आपल्या ओसरीवर बसवलं आणि तंबोरा छेडला. "गाऊ नको. नुसता आइक. कानच चुकीच्या जागी बसला तं गळा बिचारा काय करन?"

गाणाऱ्यानं तोंड मिटून बसायचं, ही कसली शिक्षा! शेताची कामं आटोपून रोज मुखरू तिथं यायचा आणि खुंट्याला बांधलेल्या बैलासारखा बसून राहायचा. तोच सा, तोच पंचम, तीच भुणभुण. त्याला त्या तंबोऱ्याचा राग यायला लागला. आणि एका दुपारी जाड तार वाजली, तिच्या पोटातून एक बारीक, स्वच्छ सूर वर आला. मुखरू दचकला.

"मास्तर, हा गंधार कोन वाजवून राह्यला?"

"कोनीच नाई. तो त्या तारेतच रायते. आज तुले आइकू आला, एवढंच."

मुखरूचे डोळे भरून आले. त्यानं तोंड उघडलं आणि गळा आपसूक तिथं जाऊन बसला. राजाचं काम पक्कं झालं.

त्या गुरुवारी तो मोठ्या उमेदीनं भजनाला गेला. बापूजींनी पेटी धरली, गावानं सूर लावला आणि मुखरूच्या अंगावर काटा आला. गंधार आला की दाताखाली खडा आल्यासारखं व्हायचं. डोळे मिटता येतात, कानांचं काय करणार? भजन संपल्यावर तो भीतभीत म्हणाला, "बापूजी, पेटी एकदा दुरुस्त करून आनू का?"

"पेटीले काऊन दुरुस्त करतं? चांगली हाये. त्या मास्तरनं तुहा कान बिघडवला."

पुढच्या गुरुवारी मुखरू गेला नाही.

भजन चुकवता येतं, घर कसं चुकवणार? एके सकाळी अंगणात सोनीबाई धान पाखडत होती आणि नेहमीसारखी गुणगुणत होती. मुखरू समोर दोर वळत होता. तिचं गाणं गंधाराशी आलं आणि त्याचा हात थांबला. क्षणभरच. पण माय ती, तिनं पाहिलं. तिनं तीच ओळ पुन्हा म्हटली, यावेळी त्याच्या तोंडाकडं बघत.

"बाबू, खरं सांग. माहं गानं चुकते का?"

"नाई व माय."

ती उठली. सूप उचलून घरात गेली.

मंडईत राजाचं काम तुफान गाजलं. लोकांनी पुन्हापुन्हा गायला लावलं, नानाजींनी पाठ थोपटली. सोनीबाई बायकांमध्ये पुढंच बसली होती आणि ज्याला त्याला सांगत होती, "माहा पोरगा हाये."

पण त्याच्यासमोर ती पुन्हा कधी गायली नाही. त्याची चाहूल लागली की थांबायची. मग मुखरू शेतावर जातो सांगून निघायचा आणि मागून फिरून, कुडाच्या भिंतीला कान लावून उभा राहायचा. ती एकटी असली की अजून गायची. हाच आवाज ऐकत तो वाढला होता. पुन्हा एकदा तसाच ऐकावा, याखेरीज त्याला काही नको होतं. ती गंधाराशी यायची आणि त्याचा कान सांगायचा, खाली आहे.

तरीही तो गाणं संपेपर्यंत तिथंच उभा राहायचा.