बसून बेतलेला कोट

नणंद-भावजयीचं पटत नाही, असं सगळं जग म्हणतं. माझ्या लग्नात तर आईने मला पुन्हा पुन्हा बजावलं होतं, "मोठ्या नणंदेला उलट उत्तर देऊ नकोस हं. तिनेच वाढवलंय त्याला." खरंच होतं ते. आईवडील लवकर गेले तेव्हा अक्कांनी शाळा सोडली, शिवणाच्या कारखान्यात लागल्या आणि धाकट्या भावाला लहानाचं मोठं केलं. स्वतःचं लग्न राहूनच गेलं. कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "मशीन चालू होतं बाई, हाक ऐकूच आली नाही."

कारखान्यात रेनकोट, तंबू आणि पाठीवरच्या सॅक शिवल्या जायच्या. माझा नवरा इलेक्ट्रिशियन. सुट्टी मिळाली की गळाची काठी उचलायची आणि तळं गाठायचं, एवढंच त्याला ठाऊक. मासे क्वचितच घरी यायचे. पण परत येताना त्याचा चेहरा असा उजळलेला असायचा की मी कधी कुरकुर केली नाही.

एका नव्या इमारतीत काम करताना तो शिडीवरून पडला. कंबरेखालचं सगळं गेलं. हालचालही आणि स्पर्शही. दवाखान्यात मी रडून रडून डोळे सुजवून घेतले. अक्का रडल्या नाहीत. त्या आमच्या घरी गेल्या, टेपने दारं मोजली आणि सुताराला बोलावून चाकांची खुर्ची आत येईल एवढ्या चौकटी रुंद करून घेतल्या. आम्ही घरी आलो तेव्हा रंगसुद्धा वाळला होता.

बऱ्याच महिन्यांनी मी त्याला तळ्यावर नेलं. अंगात त्याचा जुनाच रेनकोट. पाऊस आला, पण तो हटेना. म्हणाला, "थांब, आत्ता गळ हललाय." घरी येऊन कपडे बदलताना मी हबकलेच. कोट पुढून मांड्यांवर गोळा झाला होता, त्याच्या खोलगटात पाणी साचून सगळं आत झिरपलं होतं. तो इतका वेळ भिजलेल्या पँटमध्ये बसला होता आणि त्याला पत्ताच नव्हता. मागच्या खिशाची धातूची टिकली रुतून कातडी सोलली गेली होती. ती जखम भरता भरेना. कितीतरी दिवस पालथं पडून राहावं लागलं. त्यानंतर त्याने तळ्याचं नावच टाकलं. "आभाळ काय, खिडकीतूनही दिसतं," एवढंच म्हणाला.

अक्कांनी ते ऐकून घेतलं. पुढच्या आठवड्यात त्या एक पिशवी घेऊन आल्या. आत पिवळ्याधमक कापडाचा एक मोठा तुकडा होता, गळ्यात अडकवायचा आणि गुडघ्यांपर्यंत सोडायचा.

"घालून बघ रे बाळ्या."

त्याने तो हातात धरला, उलटासुलटा केला. "अक्का, हे लाळेरं आहे."

"अरे, पाऊस लागणार नाही..."

"मी आता बाळ नाही, अक्का." आणि त्याने खुर्ची भिंतीकडे फिरवली.

अक्का स्वयंपाकघरात आल्या. तिथे पहिल्यांदा मी त्यांचे डोळे भरलेले पाहिले. "त्याला न विचारताच शिवलं गं मी," त्या म्हणाल्या. "लहानपणी शिवायचे ना, तसंच."

मला वाटलं, विषय संपला. पण पुढच्या सुट्टीला त्या सकाळीच दारात हजर. तो पलंगावर पडला होता. अक्कांनी त्याचा जुना रेनकोट अंगात चढवला, त्याच्या खुर्चीत बसल्या आणि मला म्हणाल्या, "चल अंगणात. बादली घे. ओत माझ्यावर."

"अक्का, काहीतरीच काय!"

"ओत म्हणते ना!"

मोठ्या नणंदेच्या अंगावर बादलीभर पाणी ओतायची संधी फार कमी भावजयांना मिळते. मी ओतलं. त्या तशाच निथळत अंगणभर चाकं फिरवत राहिल्या. बाह्या चाकांना घासून काळ्या झाल्या, एक तर अडकून टरकन फाटली. पाठीमागे कापडाचा बोळा, मांडीवर डबकं. मध्येच थांबून त्यांनी कपाळावर हात मारला. "अगं बाई! हा कोट उभ्या माणसाचा आहे. बेतताना कुणी बसून बघितलंच नाही. मीसुद्धा नाही."

ओल्या कपड्यांनीच त्या त्याच्या पलंगाशी गेल्या. "आता तू बोल. तू म्हणशील तसं शिवते."

बहिणीचा तो अवतार बघून त्याला हसू फुटलं आणि मग तो बोलायला लागला तो थांबेचना. कोटाची पाठ आखूड हवी, खाली दबायला नको. पुढची बाजू लांब, गुडघ्यांच्या खाली उतरणारी, पण कोटाचाच भाग वाटणारी. बाह्या मनगटाशी आवळ आणि चाकाला लागतात तिथे जाड पट्टी. पँटला मागे खिसा नको, टिकली नको, बसायच्या जागी शिवणही नको. चेन दोन्ही बाजूंना वरपासून खालपर्यंत, म्हणजे पडल्यापडल्या चढवता येईल. चेनीला बोट जाईल एवढी कडी.

"आणि पिवळा रंग नको," तो म्हणाला. "मासे पळतील."

"नाहीतरी कुठे येतात!" अक्का म्हणाल्या.

शिवायचं, उसवायचं, पुन्हा शिवायचं. दोघं भावंडं अशी भांडायची की शेजारीण एकदा विचारून गेली, सगळं ठीक आहे ना. मी दार लावून घेतलं आणि मनातल्या मनात देवाचे आभार मानले. घरात पुन्हा आवाज आला होता.

गडद हिरवा कोट घालून तो पुन्हा तळ्यावर गेला, तेव्हा पाऊस मुद्दाम बोलावल्यासारखा आला. मी हात घालून पँट चाचपली आणि ओरडलेच, "कोरडी आहे!" आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले. नवरा लाजला.

त्या लोकांत एक बाई होती. तिला डावा हात नव्हता. आपली सॅक ती एकाच खांद्यावर कशीबशी लटकवून फिरत होती. ती जवळ आली आणि चेनीची कडी बघून तिने विचारलं, "हे कुणी शिवलं?"

आम्ही तिला अक्कांकडे नेलं. अक्कांनी तिची सॅक लगेच ठेवून घेतली नाही, आधी तिला बोलतं केलं. छातीवरचा पट्टा एका हाताने लावता येत नाही, म्हणून ती डोंगर चढत नव्हती. अक्कांनी तिथे लोहचुंबकाचं बक्कल बसवलं. नुसतं जवळ नेलं की खटकन लागायचं. त्या बाईने सॅक चढवली, काढली, पुन्हा चढवली.

तिच्याकडून इतरांना कळत गेलं. कारखान्याच्या मालकांनी खिडकीजवळचा एक कोपरा आणि उरलेलं कापड अक्कांना दिलं. आता माझा नवराही तिथेच काम करतो. येणाऱ्याला तो पहिलं हेच विचारतो, "अडतं कुठे ते सांगा." माणूस पुरतं बोलून होईपर्यंत अक्का कात्री उचलत नाहीत.

एकदा मी धीर करून म्हटलं, "अक्का, तुमचे उपकार मी कसे..."

"उपकार कसले गं? इतकी वर्षं ढिगांनी कोट शिवले, ते कुणाच्या अंगात गेले, कुठे गेले, काही कळलं नाही. आता माणसं दारात येऊन सांगतात, अमक्या ठिकाणी जाऊन आलो. हे मला तुमच्या घरातून मिळालं."

मागच्या महिन्यात त्या सॅकवाल्या बाईने आम्हा सगळ्यांना डोंगरावर नेलं. खुर्ची जाईल अशी पक्की वाट होती. अक्का पहिल्यांदाच अशा ठिकाणी आल्या होत्या आणि स्वतःचा कोट नसल्यामुळे कारखान्यातला नापास झालेला, एक बाही लांब असलेला कोट घालून आल्या होत्या. वर वारा सुटला, भुरभुर सुरू झाली. मी म्हटलं, "चला अक्का, परत जाऊ या."

त्या कठड्याशी उभ्या होत्या. टोपी मागे सरकलेली, चेहरा ओला.

"जाऊ गं," त्या म्हणाल्या. "शिवण कुठे गळते का, जरा बघू दे."

नवऱ्याने माझ्याकडे बघून डोळा मारला आणि खुर्चीचा ब्रेक लावला.