सिस्टरांची स्लेज

आमच्या सिस्टर कुणाच्याही घरून निघताना काहीतरी मागे ठेवून जात. चष्म्याचं घर, स्कार्फ, अर्धी विणलेली टोपी. जेद्दाच्या इस्पितळात डायलिसिस विभागात त्या माझ्या वरिष्ठ होत्या. रत्नागिरीचा आमचा तंत्रज्ञ कासीम त्यांना चिडवायचा, "सिस्टर, विसरलात, की पुन्हा जेवायला यायची सोय?"

"सोयच," त्या म्हणत. "सामान असलं की यावंच लागतं."

सिस्टर नॉर्वेच्या अगदी उत्तरेकडच्या, सामी जमातीच्या. रेनडियर पाळणारी माणसं; हिवाळा आतल्या पठारावर, उन्हाळा समुद्राकाठी. त्या किनाऱ्यावर नॉर्वेजियन शेतकरी येऊन वसले, तेव्हा एका सामी घराची एका शेतकरी घराशी जोडी जमे. अशा जोडीदाराला त्यांच्यात 'वेर्दे' म्हणत. सामींच्या कळपात शेतकऱ्याचे चार रेनडियर चरत. सामींच्या बर्फावरच्या स्लेज गाड्या उन्हाळाभर शेतकऱ्याच्या कोठारात राहत. "कागद नव्हता," सिस्टर सांगत, "जनावराच्या कानावर कापलेली खूण, बस."

पुढे शाळांतून सामी भाषा हद्दपार झाली. सामींशी ओळख सांगायचीही लोकांना लाज वाटू लागली. एकदा दुकानात सिस्टरांच्या वडिलांना त्यांच्या वेर्देचा मुलगा भेटला. लहानपणी दोघं एका ताटात जेवलेले. चार गिऱ्हाइकांदेखत त्याने मान फिरवली. त्यानंतर वडील त्या घरच्या कोठारात ठेवलेली आपली स्लेज आणायला कधीच गेले नाहीत. म्हणायचे, "आणली की संपलं."

गेल्या वर्षी त्या माणसाच्या मुलीनं सिस्टरांना शोधून पत्र लिहिलं. कोठार पाडायचं आहे, स्लेज अजून आहे, बाबांना त्या दुकानातल्या दिवसाची शेवटपर्यंत खंत होती. तुम्ही याल का? सिस्टरांनी ते मला तीनदा वाचून दाखवलं.

"जाऊन या ना," मी म्हटलं.

"जाईन. पण बोलू काय? चूक तिची नाही, माझी नाही. आणि स्लेज उचलली, तर दोन घरांत उरतं काय?"

दोनदा रजा मंजूर झाली, दोनदा त्यांनीच रद्द केली. तिसऱ्यांदा तिकीट काढलं, आणि त्याच आठवड्यात कामावर असताना हृदय बंद पडून त्या गेल्या.

कळवायचं माझ्यावर आलं. मी चार ओळी लिहिल्या. त्या मुलीचं उत्तर आलं, "मग आता स्लेज कुणाला देऊ?" सिस्टरांच्या मागे कुणी नव्हतं. मी कासीमला विचारलं. तो म्हणाला, "आपण कोण सांगणार, ताई?"

तरी दोन दिवसांनी मी लिहिलं, "कोठार पाडलंत तरी ती तुमच्याच घरी असू द्या. त्यांच्या माणसांनी ती तुमच्याकडे ठेवली होती. अजून कुणी परत मागितलेली नाही."