मास्तरने लपवलेले फ्रॉक

तिला सगळे मास्तर म्हणत. होती बाईच, पण 'बाई' म्हटलेलं तिला कधी मानवलं नाही. केस कानाच्या वर, अंगात कायम बाह्या दुमडलेला शर्ट, आणि आवाज असा की चौकातले लोक वळून बघत. बावीस वर्षं ती लोकांना गाडी चालवायला शिकवत होती. शिकवायच्या गाडीत शिक्षकाच्या पायाशी आणखी एक ब्रेक असतो. त्याची तिला इतकी सवय झाली होती, की घरी सोफ्यावर बसली तरी दार वाजल्याबरोबर तिचा उजवा पाय जमीन दाबायचा.

ती जिच्याबरोबर एकोणीस वर्षं राहत होती, ती कवळ्या बनवायची. घराच्या मागच्या खोलीतच तिचं काम चाले. टेबलावर प्लॅस्टरचे जबडे ओळीने मांडलेले, सगळीकडे पांढरी भुकटी, आणि त्या भुकटीत तिचा चहाचा कप. दोघींचं घर एक, पलंग एक, आणि भांडणाचा विषयही एकच, तो कप. शेजारी त्यांना मैत्रिणी म्हणत, घरमालक बहिणी समजे. मास्तरच्या आईने मरेपर्यंत काहीच म्हटलं नाही, आणि ते सगळ्यांत मोठ्याने ऐकू यायचं.

मूलबाळ दोघींच्या स्वप्नातही नव्हतं. मास्तरच्या भावाची बायको बाळंतपणातच गेली होती आणि तो एकट्याने पोराला वाढवत होता. दूरच्या कामावर जाताना त्याने पोराला बहिणीकडे ठेवलं, पंधरा दिवसांसाठी. अकराव्या दिवशी तो कामावरच उंचावरून पडला आणि गेला. पोर पाच वर्षांचं. एक पिशवी घेऊन आलं होतं ते. पिशवीच्या तळाशी पिवळा फ्रॉक निघाला, अगदी मापाचा. म्हणजे पोराची फ्रॉकची आवड भावाला ठाऊक होती, आणि पठ्ठ्याने फोनवर कधी अवाक्षर काढलं नव्हतं.

पोर फ्रॉक घालून घेर फुलेपर्यंत गरगर फिरायचं, म्हणून त्याचं नाव पडलं भिंगरी. "तू मुलगा की मुलगी?" असं वाण्याने एकदा विचारलं तेव्हा भिंगरी म्हणाली, छे, म्हणाला, "मुलगाच. फ्रॉकवाला." आणि बिस्किटांचा पुडा उचलून चालू लागला. दोन वर्षांत फ्रॉक पाच झाले आणि केस खांद्याखाली आले. सकाळी कवळीवाली त्याची वेणी घालायची आणि मास्तर शाळेत सोडायची. मास्तरला तो आत्या म्हणायचा, कवळीवालीला दातमावशी.

मग पत्र आलं. मूल कायमचं कोणाकडे द्यायचं ते ठरवण्यासाठी अधिकारी घरी येऊन पाहणी करणार होत्या, बुधवारी चार वाजता. कारण पोराच्या मामानेही अर्ज केला होता. मामाला अंगण होतं, बायको होती, दोन दांडगे मुलगे होते. त्याने फोनवर मास्तरला सुनावलं, "दोन बायकांच्या घरात पोराचं दुसरं काय होणार? माझ्याकडे द्या. चार महिन्यांत सरळ करतो."

तो 'सरळ' शब्द मास्तरच्या पोटात गेला तो बाहेरच येईना. सोमवारी एका शिकाऊ गृहस्थांवर ती इतकी खेकसली की ते गाडी रस्त्यात सोडून घरी गेले. मंगळवारी ती दुपारीच घरी आली. भिंगरीला स्टुलावर बसवलं आणि कात्री घेतली.

"थोडेसेच ना?" भिंगरीने विचारलं.

"हलू नकोस."

थोडेसे नव्हते. पोर रडलं नाही, फक्त कानाला कात्री लागली तेव्हा "आई गं" म्हणालं. मग मास्तरने पाचही फ्रॉक चादरीत बांधले आणि गाडीच्या डिकीत टाकले. कवळीवाली हात पुसत दारात आली आणि बघतच राहिली.

"तुझे वडील गेले असं मला वाटलं होतं," ती म्हणाली.

मास्तर लहानपणी भावाच्या विजारी घालायची, म्हणून वडिलांनी त्या कपाटात कुलूप लावून ठेवल्या होत्या. हे तिने आयुष्यात एकाच माणसाला सांगितलं होतं.

"एका दिवसाचा प्रश्न आहे!" मास्तर ओरडली. "उद्याची ती बाई गेली की देते परत. नाहीतर तो मामा नेईल याला. चालेल तुला?"

"अगं, मी चाळीस वर्षं तोंडं बघतेय लोकांची. सगळे दात एका रेषेत बसवले की माणूस हसला तरी कवळीच दिसते. उद्या ती बाई काय आंधळी येणार आहे?"

"तू तुझ्या कवळ्या बघ!"

संध्याकाळभर मास्तरने पोराला पढवलं. आवडता खेळ? फुटबॉल. मोठा होऊन काय होणार? ट्रक चालवणार. घरी काय घालतोस? शर्ट-पँट. भिंगरी हुशार होता, तिसऱ्या वेळेला एकही चूक झाली नाही. "आत्या, हे खोटं आहे ना?" एवढंच त्याने विचारलं, आणि ती म्हणाली, "तयारी आहे. परीक्षेची करतात तशी."

बुधवारी चारला पाच कमी असताना अधिकारीबाई आल्या. पन्नाशीच्या, घामेजलेल्या, चपलेचा पट्टा तुटायला आलेला. पाणी घेतलं, खोल्या बघितल्या, प्लॅस्टरचे जबडे बघून हसल्या. मास्तरला जरा हायसं वाटलं. मग त्या पोरासमोर बसल्या.

"कुठला खेळ आवडतो तुला?"

भिंगरीने मास्तरकडे पाहिलं. "फुटबॉल."

"कोणाबरोबर खेळतोस?"

हे पढवलेलं नव्हतं. भिंगरीने पुन्हा मास्तरकडे पाहिलं. मास्तरचा पाय जमीन दाबू लागला. "ट्रकबरोबर," पोर म्हणालं.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी त्याच्या कानावरची खपली पाहिली, मागचे वेडेवाकडे कापलेले केस पाहिले, आणि पेन खाली ठेवलं. "हे मूल तोंड उघडण्याआधी दर वेळी तुमच्याकडे बघतंय. याला या घरात कशाची भीती वाटते?"

"भीती? छे! लाजतो जरा."

"आणि कानाला हे काय झालं?"

कवळीवाली मास्तरकडे बघत होती. ते सांगायचं काम तिचं नव्हतंच.

तेवढ्यात भिंगरी हळूच म्हणाला, "आत्या, ट्रकचं चुकलं का? आता मला मामाकडे पाठवतील?"

मास्तर ताडकन उठली. बाईंना वाटलं, आता ही पोरावर हात उगारणार. पण ती जिन्यावरून धडधडत खाली गेली आणि चादरीचं गाठोडं घेऊन वर आली. गाठ सुटेना, तेव्हा दातांनी सोडली आणि पाचही फ्रॉक बाईंच्या फायलीवर ओतले.

"हे याचे. पिवळा याच्या बापाने आणलेला, आता बसत नाही, पण टाकू देत नाही. केस मी कापले. कान मी कापला. फुटबॉल मी शिकवला, याने जन्मात चेंडूला पाय लावलेला नाही. घ्या लिहून."

"का केलंत हे?"

"तुम्ही म्हणाल, या दोघींनी पोराला बिघडवलं, म्हणून."

"म्हणजे तुम्ही मला न भेटताच ओळखलंत तर."

बाईंनी मास्तरला आणि कवळीवालीला बाहेर जायला सांगितलं आणि दार लावून घेतलं. वीस मिनिटं. मास्तर स्वयंपाकघरात ओट्यापासून खिडकीपर्यंत येरझाऱ्या घालत राहिली. "बस जरा," असं कवळीवाली दोनदा म्हणाली, तिसऱ्यांदा म्हणाली नाही.

दार उघडलं. "मी जे पाहिलं ते सगळं लिहिणार," बाई म्हणाल्या. "कापलेला कानही लिहिणार आणि गाठोडंही. महिन्याभरात पुन्हा येईन, न सांगता. तोपर्यंत मूल इथेच राहील."

"आणि त्यानंतर?"

"ते आज मला माहीत नाही. आणि तुम्हीही आज ठरवू नका." चपलेचा पट्टा सांभाळत त्या गेल्या.

भिंगरी एकेका फ्रॉकची घडी घालत होता. मास्तर दाराशी उभी राहिली.

"मी त्यांना सांगितलं, तू खोटं बोलायला लावलंस," तो मान वर न करता म्हणाला.

"बरं केलंस."

"मला इथेच राहायचंय, हेही सांगितलं. आणि मी तुझ्यावर रागावलोय, हेही."

"किती दिवस रागावणार आहेस?"

"माहीत नाही. तू जा आता."

खाली हॉर्न वाजत होता, साडेपाचची शिकाऊ मुलगी येऊन बसली होती. मास्तर जाऊन तिच्या शेजारी बसली. मुलीने पहिल्या वळणापर्यंत गाडी तीनदा बंद पाडली, एका सायकलवाल्याला घाबरवलं आणि लाल दिव्यात पुढे गेली.

"मास्तर," मुलगी चाचरत म्हणाली, "आज तुम्ही ओरडत कशा नाही?"

"गाडी वळव," मास्तर म्हणाली. "तास उद्या भरून देते. मला घरी सोड."