चंद्रीची धार आणि बेंगळूरची गुलाबी झाडं

"मॅडम, मला यष्टीत बसवून द्या. मला घरला जायाचं हाय."

बेंगळूरच्या हॉटेलात सगळ्यांची इडली संपत आली होती. बस दारात उभी होती. कंग्राळीच्या बचत गटातल्या बावीस बायका गजरे माळून तयार होत्या. आणि त्यातली एक, रेणुकाक्का, पिशवी काखेत मारून माझ्यासमोर उभी.

मी बेळगावच्या एका ट्रॅव्हल ऑफिसात टूर मॅनेजर आहे. म्हणजे ग्रुपबरोबर जाणारी, हरवलेले चष्मे शोधणारी आणि सगळ्यांच्या शिव्या खाणारी बाई. वसंतात आमचं एक वीकेंड पॅकेज असतं. शुक्रवारी संध्याकाळी बेळगाव सोडायचं, शनिवार-रविवार बेंगळूर, सोमवारी सकाळी परत. बघायचं काय, तर टॅबेबुया. पानं गळून गेलेलं झाड नुसतं गुलाबी फुलांनी भरतं. रस्तेच्या रस्ते गुलाबी होतात. पण बहर जेमतेम आठवडाभराचा. शिवाय ऊन चढलं की फोटोवाल्यांची इतकी गर्दी होते की बस लावायला जागा मिळत नाही. म्हणून सकाळच्या वेळेबाबत मी कडक असते.

"फुलं बघायची नाहीत?" मी विचारलं.

"बघायची व्हती की. पर चंद्री पान्हवंना झालीया. आत्ताच ह्यांचा फोन आलता."

चंद्री म्हणजे तिची म्हैस. म्हैस मनानं राजी झाली की तिचं दूध सडात उतरतं, त्याला पान्हवणं म्हणतात. राजी नसेल तर कितीही ओढा, थेंब येत नाही. दूध आत राहिलं तर कास सुजून दगडासारखी होते, कधी एखादा सड कायमचा जातो. त्यात चंद्रीचं रेडकू मेलेलं. तेव्हापासून ती रेणुकाक्काशिवाय कुणाला जवळ येऊ देत नव्हती.

या गोठ्यापायी रेणुकाक्का लग्नानंतर एक रात्र बाहेर राहिली नव्हती. माहेरी गेली तरी संध्याकाळच्या धारेला परत. ही फुलं तिनं सुनेच्या मोबाइलवर बघितली आणि जन्मात पहिल्यांदा हट्ट धरला. मग तिच्या नवऱ्यानं, यल्लाप्पाण्णांनी, आठवडाभर धार काढायचा सराव केला. चंद्रीनं मुकाट दूध दिलं. मात्र दर वेळी रेणुकाक्का शेजारी उभी होती, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही. हसू नका. आमच्या ऑफिसातल्या ट्रायलही अशाच असतात.

एवढ्यात साहेबांचा फोन आला. "बस अजून हॉटेललाच का?"

"म्हैस पान्हवत नाही, सर."

"कुणाची?"

"आपल्या ग्रुपची."

"एका पॅसेंजरसाठी सगळ्यांचा प्रोग्रॅम बिघडवू नका. बसस्टँडवर सोडा आणि निघा."

साहेबांचं चुकत नव्हतं. पण आत्ता निघाली तरी रेणुकाक्का घरी पोचणार रात्री. तोवर संध्याकाळची धारही चुकणार. म्हणजे फुलंही गेली आणि दूधही. मी तिला खाली बसवलं.

"डॉक्टरांना बोलवून इंजेक्शन देऊ या का?"

"तसलं काय टोचायचं न्हाय माझ्या म्हशीला!" ती माझ्यावरच डाफरली.

मग मी तिच्या नवऱ्याला फोन लावून स्पीकरवर टाकला. तिकडे सुनेनं फोन चंद्रीजवळ धरला. रेणुकाक्का तिकडच्या गोठ्यात बोलायला लागली, "चंद्रे, बाई माझी, दे गं." चंद्रीनं कान टवकारले म्हणे. दाराकडे बघून ती रेकली, ते आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. दूध मात्र नाही. रेणुकाक्काच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

तिनं पदरानं डोळे पुसले आणि एकदम आवाज बदलला.

"अवो, ऐका. दाराआड खुंटीवर माझी गोठ्यातली साडी हाय. न धुतलेली. ती नेसा."

"काय नेसू?"

"साडी. तिला माझा वास हाय, चंद्रीला त्योच वळखीचा."

"खुळी झालीस काय गं? आत्ता समदी गल्ली डेरीला निघालीया. उद्या पारावर तोंड दाखवू काय?"

"मग मी निघते यष्टीनं."

मला राहवेना. "अण्णा, मी टूरच्या मॅडम बोलतेय," मी म्हटलं.

"मॅडम, फुलं बघून झाली काय हिची?"

"नाही हो. अजून बसमध्येसुद्धा बसली नाही."

मग त्यांचा आवाज आला, "सूनबाई, त्ये पुढचं दार लाव."

इकडे बाकीच्या एकवीस जणी पदर तोंडात कोंबून बसल्या. पलीकडून खुडबुड ऐकू येत होती. मधेच अण्णांनी विचारलं, "पदर डोक्यावरनं घ्यायचा काय?"

"घ्या की. माझ्यागत."

आणि मग रिकाम्या बादलीत पहिली धार वाजली. चुर्र. मग दुसरी. बायकांनी टाळ्या पिटल्या, तशी रेणुकाक्का ओरडली, "हळू गं! बिचकंल ती!"

आम्ही पोचलो तेव्हा बस लावायला जागा नव्हतीच. ऊन चांगलंच चढलं होतं, बराच लांबून चालत जावं लागलं. कुणी कुरकुरलं नाही. रेणुकाक्का एका झाडाखाली मान वर करून उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "पान एक न्हाय बघा. नुस्तं फूलच." तो रस्ता मी इतक्यांदा बघितलाय की आता त्याचं काही वाटत नाही. त्या दिवशी मात्र मी झाडं सोडून तिच्याकडेच बघत राहिले.

अण्णांनी त्या संध्याकाळी आणि रविवारी दोन्ही वेळा साडी नेसून धार काढली. सोमवारी आम्ही बेळगावात उतरलो आणि थोड्या वेळानं पुन्हा रेणुकाक्काचा फोन. मी घाबरलेच.

"मॅडम, घरला आल्या आल्या गोठ्यात गेलते. चंद्रीनं लाथच झाडली!"

अंगावर नवी साडी, हॉटेलच्या साबणाचा वास. चंद्रीनं तिला ओळखलंच नव्हतं. शेवटी अण्णांनीच खुंटीवरची साडी नेसली. सांगताना रेणुकाक्काला हसून हसून ठसका लागला.

"एवढी वरसं मला वाटायचं, माझ्याबिगर तिचं चालत न्हाय," ती म्हणाली. "पुढल्या बारीला चार दिसाचं काढा की कायतरी."

तेव्हापासून बुकिंगला आलेली एखादी म्हणाली, 'माझ्याशिवाय घरचं अडतं हो', तर मी वाद घालत नाही. एक जुनी साडी न धुता खुंटीवर ठेवून या, एवढंच सांगते.